मोटार-अपघाताची नुकसानभरपाई : कायदा, पुरावा आणि गडबचा रस्ता

पेणहून दक्षिणेस उतरणारा मुंबई–गोवा महामार्ग वडखळ येथे दुभंगतो. एक फाटा पोयनाडवरून अलिबागेस जातो. मुख्य मार्ग डोलवी, गडब, कासू ह्या गावांना स्पर्श करीत नागोठण्याकडे वळतो. एका अंगास खाडी आणि बांध घालून राखलेली खारजमीन, दुसऱ्या अंगास डोंगर, आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यात महामार्ग, लोहमार्ग व वस्ती, अशी ह्या भागाची ठेवण आहे. भाताचे पीक, खाडीची मासळी आणि मिठागरांवरील मजुरी हा येथील जुना चरितार्थ होय. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात डोलवीस पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला आणि ह्या चरितार्थास कंत्राटी कामाची जोड मिळाली. पुढे मुंबई महानगर प्रदेशाची सीमा पेण-अलिबागकडे सरकली, २०२४ च्या जानेवारीत शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, आणि मुंबईचे अंतर आणखी तुटले. गावात भाड्याच्या खोल्या वाढल्या, घरोघर मोटारसायकली आल्या.

रस्ता मात्र ह्या वाढीच्या मागे राहिला. पूर्वी १७ क्रमांकाच्या आणि आता ६६ क्रमांकाच्या ह्या राष्ट्रीय महामार्गाचे पनवेल ते इंदापूर ह्या ८४ किलोमीटरांच्या टप्प्यातील रुंदीकरण २०११ साली सुरू झाले व एक तपाहून अधिक काळ रेंगाळले. पाळीवर निघालेला कामगार, पोलादाची गुंडाळी वाहणारा ट्रेलर, कोकणात जाणारी खाजगी मोटार आणि शाळेतून परतणारी मुले ह्या सर्वांस वळणरस्ते, अर्धवट पूल आणि खड्डे ह्यांतूनच वाट काढावी लागली. अशा रस्त्यावर अपघात झाला म्हणजे 'चूक कोणाची' हा प्रश्न गावात प्रथम विचारला जातो. न्यायाधिकरणापुढे तो प्रश्न असतोच. परंतु भरपाईची रक्कम पुष्कळदा दुसऱ्याच प्रश्नावर ठरते. मृताची अथवा जखमी माणसाची कमाई किती होती, आणि ती कोणत्या कागदावरून सिद्ध होते, हा तो प्रश्न होय. कायद्याचा गेल्या दीडशे वर्षांतील प्रवास ध्यानात घेतल्यावाचून ह्या स्थित्यंतराचा अर्थ उमगत नाही.

मृत्यूबद्दल वारसांस दावा लावता यावा म्हणून १८५५ साली प्राणघातक अपघातांविषयीचा अधिनियम झाला. दावा दिवाणी न्यायालयात लावावयाचा, रकमेच्या प्रमाणात मुद्रांकशुल्क भरावयाचे, आणि प्रतिवादीची निष्काळजी सिद्ध करावयाची, असा तो मार्ग होता. गरिबाच्या घरास तो बहुधा बंदच असे. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने त्रयस्थ व्यक्तींच्या हानीचा विमा सक्तीचा केला आणि ती सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. भरपाई देण्याची ऐपत असलेला कोणीतरी प्रतिवादी ह्यामुळे प्रथमच जवळजवळ प्रत्येक दाव्यात उपलब्ध झाला. १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची तरतूद केली. १९८२ साली दोषनिरपेक्ष दायित्वाचे तत्त्व कायद्यात शिरले : वाहनचालकाची चूक सिद्ध झाली नाही तरी मृत्यूबद्दल १५,००० रुपये व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये द्यावयाचे. रकमा लहान होत्या, तत्त्व मोठे होते.

ह्या तत्त्वाची कसोटी महाराष्ट्रातच लागली. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे–बंगळूर मार्गावर सातारा जिल्ह्यात पेट्रोल वाहणारा टँकर व मालमोटार ह्यांची टक्कर झाली आणि टँकर रस्त्याखाली उलटला. गळणारे पेट्रोल नेण्यासाठी लोक जमले. सुमारे चार तासांनी स्फोट झाला व ४६ माणसे दगावली. उलटून पडलेल्या, जागचा न हलणाऱ्या टँकरचा 'वापर' चालू होता असे म्हणता येईल काय, असा प्रश्न उपस्थित झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली त्यास होकारार्थी उत्तर दिले. वाहनाचा वापर म्हणजे केवळ त्याची गति नव्हे, आणि टक्कर व स्फोट ह्यांतील कार्यकारणसंबंध चार तासांनी तुटत नाही, असा ह्या निर्णयाचा आशय आहे. महामार्गाच्या कडेस दिव्यावाचून उभ्या राहिलेल्या ट्रेलरवर रात्री आदळणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या दाव्यासही ह्या अर्थाचा आधार मिळतो.

१९८८ चा मोटार वाहन अधिनियम १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यातील भरपाईची प्रकरणे पुन्हा लिहिली गेली. नवे नियम १ एप्रिल २०२२ पासून अमलात आहेत. त्यानुसार अर्जदारापुढे मुख्यतः दोन वाटा आहेत. कलम १६४ अन्वये दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लक्ष व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लक्ष रुपये मिळतात. कलम १६६ अन्वये निष्काळजी दाखवावी लागते, परंतु रकमेस वरची मर्यादा नाही. विमाकंपनीकडून पहिल्या वाटेची रक्कम तडजोडीने स्वीकारली म्हणजे दुसऱ्या वाटेचा अर्ज संपुष्टात येतो. दुःखाच्या पहिल्या आठवड्यांत हाती येणारे पाच लक्ष आणि काही वर्षांनी मिळू शकणारी त्याहून कितीतरी मोठी रक्कम ह्यांमधील निवड घरच्यांनी हिशेब समजून करावी, हे इष्ट.

निष्काळजी सिद्ध करणे म्हणजे फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत पुरावा देणे नव्हे. अधिक संभाव्य काय, एवढेच न्यायाधिकरण पाहते. चालक फौजदारी न्यायालयात सुटला म्हणून भरपाईचा अर्ज पडत नाही. डंपर व मोटारसायकल ह्यांच्या टकरीत दोन्ही चालकांची चूक असली, तर मोटारसायकलच्या चालकाची भरपाई त्याच्या चुकीच्या प्रमाणात घटते. मागे बसलेल्याची मात्र घटत नाही, व तो दोहोंपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो; हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केला आहे. चालकाजवळ योग्य परवाना नव्हता असे निघाल्यासही, कंपनीने आधी पीडितास रक्कम द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालये पुष्कळदा देतात.

गावाकडील एका सर्रास प्रथेचा येथे उल्लेख केला पाहिजे. शेजाऱ्याची अथवा मेव्हण्याची मोटारसायकल मागून नेणे ह्यात कोणासच काही वावगे वाटत नाही. परंतु ती स्वतःच घसरून चालक दगावला, तर तो वाहनमालकाच्या जागी उभा आहे असे मानून त्रयस्थाची भरपाई नाकारली जाते. २००९ च्या एका निर्णयापासून हे तत्त्व स्थिरावलेले आहे. मालक-चालकासाठी १५ लक्ष रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा २०१८ पासून ठेवलेला आहे खरा, पण त्याच्या नावातच सांगितल्याप्रमाणे तो स्वतः गाडी चालविणाऱ्या मालकापुरता आहे.

आता हिशेबाकडे वळावयास हरकत नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वयानुसार गुणकांची सारणी ठरवून दिली, आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी घटनापीठाने ती कायम करून भावी उत्पन्नवाढीचे प्रमाण निश्चित केले. उदाहरणादाखल गडबमध्ये राहणारा व कारखान्यात कंत्राटदाराकडे काम करणारा ३४ वर्षांचा कामगार कल्पावा. घरी पत्नी, दोन मुले व आई; मासिक कमाई १८,००० रुपये. वार्षिक उत्पन्न २,१६,००० रुपये झाले. चाळिशीच्या आतील, कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या उत्पन्नात भावी वाढ म्हणून ४० टक्के मिळवावयाचे; म्हणजे ३,०२,४०० रुपये. चार ते सहा अवलंबित असल्यास मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करावयाचा. उरले २,२६,८०० रुपये. ३१ ते ३५ ह्या वयोगटाचा गुणक १६. गुणाकार केला म्हणजे ३६,२८,८०० रुपये होतात. ह्याशिवाय संपदा-हानि, अंत्यविधीचा खर्च व सहवास-हानि ह्यांच्या ठराविक रकमा असून त्यांत दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ करावयाची आहे. दोन वाढींनंतर पहिल्या दोहोंसाठी प्रत्येकी १८,१५० व सहवासासाठी प्रत्येक निकट आप्तामागे ४८,४०० रुपये असा हिशेब येतो. येथे चौघे असल्याने ह्या बाबींचे २,२९,९०० रुपये धरले, तर एकूण रक्कम ३८,५८,७०० रुपये होईल. तिच्यावर अर्जाच्या तारखेपासून व्याज देण्याचा न्यायाधिकरणास अधिकार आहे.

हाच माणूस कारखान्याच्या कायम पटावर असता तर भावी वाढ ४० ऐवजी ५० टक्के धरली गेली असती, आणि केवळ तेवढ्याने अवलंबितांचे २,५९,२०० रुपये वाढले असते. रस्ता तोच, पाळी तीच, वेतनही तेच, फरक हजेरीपटाचा. परंतु ह्याहून मोठी तफावत पुराव्याच्या अभावी पडते. १८,००० रुपयांची कमाई सिद्ध न झाल्याने न्यायाधिकरणाने १०,००० रुपये गृहीत धरले, तर वरच्याच रीतीने अवलंबितांची रक्कम २०,१६,००० रुपयांवर येते. म्हणजे कागद नाही एवढ्याच कारणाने १६,१२,८०० रुपये जातात. चालकाची चूक, विम्याची वैधता, परवान्याचा वर्ग ह्यांवर कितीही कसून युक्तिवाद झाला, तरी ही तूट त्यातून भरून निघत नाही.

असंघटित क्षेत्रातील मजुराने वेतनाची कागदपत्रे हजर करावीत अशी अपेक्षाच धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कर्नाटकातील एका हमालाच्या प्रकरणात म्हटले आहे, आणि सयुक्तिक वाटेल ते उत्पन्न मान्य करण्यास न्यायाधिकरण मोकळे आहे. व्यवहारात मात्र कागद नसला म्हणजे किमान वेतनाचा आकडा पुढे येतो. म्हणून कंत्राटदाराचे हजेरीपत्रक, कारखान्याचा प्रवेशपास, भविष्यनिर्वाह निधीचा खातेउतारा, बँकेचे पासबुक, वेतन जमा झाल्याचे भ्रमणध्वनीवरील संदेश अशा किरकोळ वाटणाऱ्या वस्तू घरच्यांनी जपून ठेवाव्यात. कंत्राटदार बदलला, त्याचे कार्यालय उठले, की पुढे वर्ष-दोन वर्षांनी हे काहीच मिळत नाही.

शेतीचे उत्पन्न हा निराळा पेच आहे. खारजमिनीचा मालक गेला तरी जमीन राहते. तेव्हा तिचे सगळे उत्पन्न बुडाले असे मानता येत नाही, बुडाली ती त्याची मेहनत आणि देखरेख. हरियाणातील एका प्रकरणात २००३ साली घालून दिलेला हा विचार तर्कशुद्ध आहे. तथापि खारभूमीचे ज्ञान ज्यास आहे तो देखरेख हा शब्द हलका मानणार नाही. बांधास खांड पडली व भरतीचे पाणी आत शिरले, तर पीक एका रात्रीत जाते आणि जमीन पुढील काही हंगाम खारावते. बांधावर नजर ठेवणारा माणूस गेल्याने घराचे काय गेले हे सात-बाराच्या उताऱ्यावर दिसत नाही. ते शेजारच्या खातेदारांच्या साक्षीतून न्यायाधिकरणापुढे आणावे लागते, आणि असा साक्षीदार क्वचितच तपासला जातो.

गृहिणीच्या बाबतीत न्यायालये बरीच पुढे आली आहेत. जमशेदपूर येथे १९८९ साली लागलेल्या आगीसंबंधीच्या निवाड्यात २००१ मध्ये गृहिणीच्या घरकामाचे मोल महिना ३,००० रुपये धरण्यात आले. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे मोल ठरविणे ही कृपा नसून श्रमाची कायदेशीर ओळख आहे अशी भूमिका घेतली आणि भावी वाढही तीस लागू केली. पेण तालुक्यात ह्यास आणखी एक पदर आहे. येथील पुष्कळ स्त्रिया घरकाम सांभाळून गणपतीच्या कारखान्यांत रंगकामास जातात, पापड लाटतात, मासळी विकतात. अर्जात त्यांचा निर्देश नुसता 'गृहिणी' म्हणून झाला, तर ही दुसरी कमाई हिशेबातून गळते. अर्ज लिहिणाऱ्याने दोन्ही कामांचा स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे.

जखमी माणसाच्या दाव्यात वैद्यकीय प्रमाणपत्रावरील टक्केवारी आणि कमाईतील घट ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे २०१० च्या एका निर्णयाने समजावून सांगितले. गुडघा ताठ राहिलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते. त्याच गुडघ्यामुळे मिठागरावर उभे राहून फावडे ओढणाऱ्याचा धंदाच बसतो. प्रमाणपत्रात दोघांचेही अपंगत्व सारखेच लिहिलेले असेल. म्हणून डॉक्टरांची साक्ष घेताना अवयव किती निकामी झाला एवढ्यावर न थांबता, हा माणूस आपले नेहमीचे काम करू शकेल काय, हेही विचारावयास हवे.

कामावर जाता-येता झालेल्या अपघातात आणखी एक दार उघडे असते. आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रात्रपहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटेच्या पाळीस निघाला असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरांवर अपघातात मरण पावला. आयुक्तांनी भरपाई दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती २०११ मध्ये रद्द केली, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मान्य केली. घर ते कामाची जागा हा प्रवास, त्याचा वेळ व स्थळ ह्यांचा नोकरीशी संबंध दिसत असल्यास, नोकरीच्या ओघातच मोडतो असे त्यात ठरले. २२ वर्षे लागली, ही गोष्ट डोळ्याआड करण्याजोगी नव्हे. १९२३ च्या भरपाई अधिनियमाची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्यात हेच तत्त्व शब्दशः आले आहे. मात्र एकाच मृत्यूबद्दल कामगार-भरपाई आणि मोटार-अपघाताचा दावा ह्या दोहोंपैकी एकच मार्ग स्वीकारता येतो.

टक्कर देऊन वाहन पळाले व सापडलेच नाही, तर मृत्यूबद्दल दोन लक्ष व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये २०२२ च्या योजनेतून मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे तर महसूल अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. दुसरे वाहनच नाही, खड्ड्यात चाक गेले आणि माणूस पडला, अशा प्रसंगी न्यायाधिकरणाचा विमाकंपनीविरुद्धचा मार्ग बहुधा खुंटतो. ह्या उणिवेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये उपाय योजला : खड्डे अथवा उघडी गटारे ह्यांमुळे झालेल्या मृत्यूबद्दल सहा लक्ष, आणि दुखापतीबद्दल तिच्या स्वरूपाप्रमाणे ५०,००० ते अडीच लक्ष रुपये रस्त्याची जबाबदारी असलेल्या संस्थेने द्यावेत, व त्याचा निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाचा समावेश असलेल्या समितीने करावा. गडबसारख्या वर्षानुवर्षे उकरलेल्या रस्त्यालगतच्या गावास ह्या आदेशाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

कालमर्यादेविषयी कायद्याने अनेकदा मत बदलले आहे. १९९४ मध्ये ही मर्यादा काढून टाकण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, व नोव्हेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने केवळ मुदत टळल्याच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असे न्यायाधिकरणांस सांगण्यात आले. अंतरिम आदेशावर विसंबून कोणी उशीर करणे शहाणपणाचे नाही. अर्ज अपघात जेथे घडला, अर्जदार जेथे राहतो किंवा प्रतिवादी जेथे राहतो त्या क्षेत्रातील न्यायाधिकरणात करता येतो. गडबच्या रहिवाशास जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग हे स्वाभाविक स्थान आहे. स्त्रिया, अनुसूचित जाति-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार ह्यांस १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये विनामूल्य वकील मिळू शकतो.

नव्या नियमांत पोलिसांवरही मोठा भार आहे. पहिला अपघात-अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे, व न्यायाधिकरणाने तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून समजावयाचा आहे. नियम यथास्थित पाळला गेला तर कोर्टाची पायरी न चढलेल्या विधवेचाही दावा आपोआप उभा राहतो. म्हणूनच पहिल्या आठवड्यात तपासी अंमलदारापुढे मृताचा धंदा, कमाई व अवलंबितांची नावे अचूक नोंदविणे अत्यंत महत्त्वाचे ठरते. जबाबात 'मजुरी करीत होता' एवढेच लिहिले गेले, तर पुढे वेल्डर अथवा क्रेनचालक म्हणून त्याची कमाई सिद्ध करताना विमाकंपनीचा वकील नेमके तेच वाक्य वाचून दाखवितो. तातडीच्या उपचारांसाठी मे २०२५ पासून दीड लक्ष रुपयांपर्यंत, अपघातापासून सात दिवस, रोख न भरता उपचार करण्याची योजना आहे. तिचे कागदही दाव्याच्या संचिकेत ठेवावेत.

निकाल लागला म्हणजे सगळी रक्कम हाती येते असे नाही. सज्ञान वारसांचा काही हिस्सा बँकेत मुदतठेवीत गुंतवून त्याचे व्याज ठराविक काळाने देण्याची, आणि मुलांचा हिस्सा ती अठरा वर्षांची होईपर्यंत राखून ठेवण्याची प्रथा आहे; अशिक्षित अथवा शोकग्रस्त माणसाची रक्कम भलत्यांच्या हाती जाऊ नये हा तिचा हेतु. परंतु कुटुंब भाड्याची खोली सोडून गेले, वकील बदलला, पत्ता जुनाच राहिला, आणि जमा झालेली भरपाई न्यायाधिकरणाच्या खात्यावर पडून राहिली, असेही होते. अशा न उचललेल्या रकमांची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली व २२ एप्रिल २०२५ रोजी अर्जातच अर्जदाराचा पत्ता, ओळखक्रमांक व शक्य तेथे बँकखात्याचा तपशील नोंदवून घेण्याचे निर्देश दिले. गडबला खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या परगावच्या कुटुंबाने ह्या रकान्यांत आपल्या मूळ गावाचा पत्ताही लिहून ठेवावा.